वेळ दाखवणं स्वस्त, वेळ बघणं महाग: इवल्याशा क्वांटम घड्याळांचं घोडं अडतंय कुठे?

मनगटावरच्या घड्याळाकडे दिवसातून पन्नास वेळा बघितलं तरी त्याचं बिल कुणी पाठवत नाही. घड्याळ चालायला सेल लागतो किंवा चावी द्यावी लागते. पण ते बघायला? नजर टाकली की झालं.

आता हेच घड्याळ लहान लहान करत न्या. इतकं लहान, की त्यात काटे नाहीत, चाकं नाहीत, फक्त एकेक इलेक्ट्रॉन उड्या मारतोय आणि त्याची प्रत्येक उडी म्हणजे घड्याळाचा एक ठोका. इथे आल्यावर हिशेब उलटा होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या नतालिया अरेस यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात अशाच एका घड्याळाचा प्रयोग प्रसिद्ध केला. घड्याळ चालायला जेवढी ऊर्जा लागली, त्याच्या जवळपास अब्जपट ऊर्जा ते घड्याळ वाचायला लागली!

'क्वांटम घड्याळ' असं काही दिसलं की आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये लगेच काळ थांबतो आणि टाइम ट्रॅव्हल सुरू होतो. तसलं इथे काही नाही. प्रश्न साधा आहे आणि मला विचाराल तर टाइम ट्रॅव्हलपेक्षा जास्त मजेचा आहे. वेळ मोजायची कमीत कमी किंमत किती, आणि ती नक्की कुठे चुकवावी लागते?

घटका भरते म्हणजे काय होतं?

आधी घड्याळ म्हणजे काय ते बघू. त्यासाठी आपलं जुनं घटिकापात्र फार सोयीचं आहे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक हलकी वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक छिद्र. त्यातून पाणी हळूहळू आत येतं, २४ मिनिटांनी वाटी भरते आणि बुडते. ही झाली एक घटका. अशा ६० घटकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त साधायलाही हीच वाटी पाण्यात सोडायचे, आणि एखाद्याची 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचारही याच वाटीतून आलाय.

यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक, पाणी आत शिरणं आणि वाटी बुडणं. हे झालं घड्याळाचं यंत्र. दुसरी गोष्ट म्हणजे घंगाळापाशी बसलेला माणूस. वाटी बुडाली हे तो बघतो, टोला देतो, वाटी उपसून रिकामी करून परत पाण्यावर ठेवतो आणि कितवी घटका झाली ते लक्षात ठेवतो. तो झोपला तर वाटी तळाशी पडून राहते आणि गावाला वेळ कळत नाही. वाटी आणि माणूस मिळून घड्याळ होतं.

आणखी एक. वाटी बुडतानाचा व्हिडिओ काढून उलटा चालवला तर लगेच ओळखू येईल. बुडलेली वाटी आपोआप वर येऊन रिकामी होत नाही. याउलट हवेचा अडथळा नसलेल्या, अजिबात न थकणाऱ्या लंबकाचा व्हिडिओ उलटा चालवा, कुणाला पत्ताही लागणार नाही. असा लंबक डुलत राहील, पण किती वेळ गेला याचा माग त्यात कुठेच उरणार नाही. प्रत्येक हेलकाव्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी, आणि झालेली नोंद आपोआप पुसली जाता कामा नये. म्हणजे घड्याळाला काहीतरी मागे न फिरणारं घडवावंच लागतं.

मागे न फिरणाऱ्या या घडामोडींचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. गरम चहा खोलीत ठेवला की थंड होतो, चहातली उष्णता खोलीभर पांगते, ती गोळा होऊन परत कपात येत नाही. एन्ट्रॉपी वाढली असं आपण म्हणतो ते हेच. या लेखापुरतं तिला 'कचरा' म्हटलं तरी चालेल. ऊर्जा नाहीशी होत नाही, पण पुन्हा उपयोगी पडणार नाही अशी विखरून जाते. तर मग प्रश्न असा, की एका ठोक्यामागे कमीत कमी किती कचरा करावाच लागतो?

पावसात ठेवलेलं ताट

अचूकता म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा एका लयीत पाऊस पडतोय आणि तुम्ही अंगणात ताट ठेवलंय. ताटावर सरासरी सेकंदाला एक थेंब पडतो, पण नेमका कधी पडेल ते सांगता येत नाही. कधी पाठोपाठ दोन, कधी बराच वेळ एकही नाही. प्रत्येक थेंबाला एक ठोका धरला तर हे अगदी टाकाऊ घड्याळ झालं.

आता युक्ती करा. शंभर थेंब पडले की एक ठोका धरायचा. अशा अनियमित घटनांमध्ये शंभरामागे साधारण दहाची चूक होते, म्हणजे एका ठोक्यात दहा टक्क्यांचा फरक. चुका कधी पुढे कधी मागे होत असल्याने एकमेकींना थोड्या खातात आणि हे घड्याळ साधारण शंभर ठोके झाल्यावर एका ठोक्याने चुकतं. दहा हजार थेंबांचा एक ठोका धरला तर घड्याळ दहा हजार ठोक्यांनंतर चुकेल. अचूकता वाढली, पण किंमत बघा. आधी सेकंदाला एक ठोका होता, आता पावणेतीन तासांनी एक. आणि एका ठोक्यासाठी दहा हजार थेंब खर्ची पडले. पडलेला थेंब ढगात परत जात नाही, म्हणजे प्रत्येक थेंब थोडा कचरा करूनच पडतो.

इवल्या घड्याळांचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं २०१७ मध्ये. पाउल एर्कर, मार्कुस हुबर आणि सहकाऱ्यांनी कागदावर एक अगदी किमान घड्याळ रचलं. एका बाजूला गरम, एका बाजूला गार, आणि मध्ये मोजकेच क्वांटम भाग. उष्णता गरमाकडून गाराकडे वाहते आणि वाहता वाहता एका शिडीवर ऊर्जा वर चढवते. शिडीच्या टोकाला पोचली की ती प्रकाशकणाच्या रूपात बाहेर पडते. तो प्रकाशकण म्हणजे ठोका. बाहेरून कुणी चावी देत नाही, दुसरं घड्याळ लावून याला चालवत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण घड्याळ चालवायला दुसरं घड्याळ वापरलं तर त्याचा खर्च कोण धरणार?

उत्तर ताटासारखंच निघालं. दुप्पट अचूकता हवी तर दर ठोक्यामागे दुप्पट कचरा करा.

२०२१ मध्ये अरेस आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून बघितलं. त्यांनी घेतला सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा एक पातळ पडदा. आपला केस याच्या हजारपटीहून जाड असतो. विजेने पडद्याला थरथरवायचं आणि प्रत्येक थरथरीला एक ठोका मोजायचा. जास्त ऊर्जा ओतली तसतशी अचूकता वाढत गेली, आणि दोन्हींचं नातं बऱ्यापैकी सरळ रेषेतलं होतं. गंमत अशी की हा पडदा क्वांटम वगैरे नव्हता, साध्या ढोलकीच्या पुडीसारखाच होता. तरी नियम तोच दिसला. त्यामुळे हा नियम सगळ्याच घड्याळांना लागू असावा असं अनेकांना वाटू लागलं.

नियमाला बगल

तसा तो नाही, हे २०२५ मध्ये पुढे आलं. व्हिएन्ना, स्वीडनमधलं चाल्मर्स विद्यापीठ आणि माल्टा इथल्या संशोधकांनी 'नेचर फिजिक्स'मध्ये एक वेगळी रचना मांडली.

त्यांची कल्पना काट्यांच्या घड्याळासारखी आहे. सेकंदकाटा भरभर फिरतो, पण आपण नोंद करतो ती मिनिटकाटा पुढे सरकल्याची. त्यांच्या घड्याळात एक क्वांटम लहर गोल कड्यातून फिरते. फिरताना ती वाटेत कुठेही खूण ठेवत नाही, त्यामुळे कचराही करत नाही. कड्याच्या फक्त एका जागी एकदिशा दार आहे. लहर तिथून गेली की ठोका पडतो आणि तेवढाच कचरा होतो. थेंबांच्या ताटात अचूकतेसाठी हजारो थेंबांचा खर्च होता. इथे एका फेरीला एकदाच खर्च, मग फेरी कितीही लांबची असो. परिणाम असा की कचरा थोडासाच वाढवला तरी अचूकता पटीमागे पट वाढत जाते.

क्वांटमचा खरा फायदा इथे दिसतो. पावसाच्या थेंबांसारखी आपटत न जाता लहर म्हणून सलग सरकता येतं. अर्थात हे सगळं अजून कागदावर आहे. असं कडं अतिवाहक सर्किटांमध्ये बनवता येईल असं संशोधकांचं म्हणणं आहे, आणि चाल्मर्समध्ये तशा सर्किटांवर काम चालतं.

मग घंगाळापाशी बसलेल्या माणसाचं काय?

एवढ्या सगळ्या हिशेबात एक गोष्ट बहुतेकांनी बाजूला ठेवली होती. वाटी बुडाली, हे बघणारा माणूस. त्याचा पगार कुणी धरलाच नव्हता.

ऑक्सफर्डच्या नव्या प्रयोगाने तो धरला. त्यांचं घड्याळ म्हणजे शेजारी शेजारी असलेले दोन क्वांटम डॉट. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकात विजेच्या दाबाने तयार केलेली एक खोली, इतकी लहान की तिच्यात इलेक्ट्रॉन एकेक करून मोजता येतात. एका बाजूने इलेक्ट्रॉन आत येतो, पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत उडी मारतो, पलीकडून बाहेर जातो. कडाक्याच्या थंडीत, निरपेक्ष शून्याच्या जवळ, हा खेळ चालतो. उड्या अनियमित असतात, त्यामुळे हे घड्याळ बघून कुणी लोकल पकडायला जाऊ नये. उद्देश तो नव्हताच. उद्देश होता हिशेब पूर्ण मांडायचा.

उडी पडली हे कळायला शेजारी एक सेन्सर असतो. इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झाला की सेन्सरमधल्या विजेत सूक्ष्म फरक पडतो. तो फरक मोठा करत करत आपल्या उपकरणापर्यंत आणावा लागतो. संशोधकांनी दोन्ही पद्धती वापरून बघितल्या, थेट विद्युतप्रवाह मोजूनही आणि रेडिओ लहरींनीही. आणि मग दोन खर्च वेगवेगळे मोजले: उडीचा आणि उडी टिपण्याचा. दुसऱ्यापुढे पहिला म्हणजे हत्तीपुढे मुंगीसुद्धा नाही.

मला यातला पुढचा भाग सर्वात लक्षणीय वाटतो, आणि अब्जपटीच्या मथळ्याखाली तोच दबला गेला. समजा दोन्ही बाजूंचा दाब सारखा केला. आता इलेक्ट्रॉनला पुढे जायची काही घाई नाही. तो जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. यंत्र कचरा करत नाही. जुन्या नियमाप्रमाणे अशा यंत्राकडून वेळ कळायला नको, कारण त्याचा उलटा व्हिडिओही सारखाच दिसेल. पण सेन्सर प्रत्येक हालचाल टिपतोय, पुढचीही आणि मागचीही. एवढ्या उड्या झाल्या म्हणजे अंदाजे इतका वेळ गेला असणार, हे त्या नोंदींवरून सांगता येतं. म्हणजे यंत्र मागेपुढे झुलत असलं तरी नोंदवही मात्र एकाच दिशेने भरत जाते. मागे न फिरण्याचं काम यंत्राकडून नोंद करणाऱ्याकडे गेलं!

म्हणून तो अब्जपट खर्च सगळाच वाया गेला असं म्हणता येत नाही. त्याच्या बदल्यात जास्त बारकाईची माहिती मिळते आणि त्यातून अचूकताही वाढवता येते. इवल्या घड्याळाची खरी किंमत यंत्रात नसून वाचण्यात आहे, असा या गटाचा निष्कर्ष आहे. आता वर सांगितलेल्या गोल कड्याच्या घड्याळालाही दर फेरीला पडणारा ठोका कुणीतरी ऐकावा लागणार. यंत्रातला कचरा कितीही कमी केला तरी ऐकणाऱ्याचा खर्च तिथेही आ वासून उभा आहे.

हा खर्च किती खाली आणता येईल? एक तळ १९६१ मध्ये आयबीएममधल्या रॉल्फ लँडॉवर यांनी दाखवला होता. नोंदीतला एक बिट पुसायचा तर खोलीच्या तापमानाला किमान ३ × १०⁻²¹ ज्यूल उष्णता बाहेर टाकावीच लागते. घंगाळापाशी बसणाऱ्याला पाटी कोरी करायचे पैसे द्यावे लागतात असं समजा. आजचे सेन्सर या तळापासून खूप वर आहेत, म्हणजे सुधारायला भरपूर वाव आहे. आणि हो, 'अब्जपट' ऐकून घाबरू नका. मूळ आकडाच इतका क्षुल्लक आहे की अब्जपट होऊनही तुमच्या फोनच्या बॅटरीला त्याचं काही नाही. काळजी आहे ती क्वांटम संगणकासारख्या ठिकाणी, जिथे चिप गार ठेवण्यासाठी आटापिटा चाललेला असतो आणि घड्याळ तिच्या शेजारी बसवलं तर त्याची थोडी उष्णताही नको असते.

घाई करायची तर वजन वाढतं

खर्च सोडला तरी वेगाची एक मर्यादा आहेच. १९९८ मध्ये नॉर्मन मार्गोलस आणि लेव्ह लेव्हिटिन यांनी दाखवलं की क्वांटम वस्तूला एका स्थितीतून पूर्णपणे वेगळ्या स्थितीत जायला किती वेळ लागेल हे तिच्याकडच्या ऊर्जेवर ठरतं. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असेल तर साधारण एक फेम्टोसेकंद लागणार, त्याहून लवकर नाही. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. ठोका दुप्पट जलद हवा तर ऊर्जा दुप्पट.

मग ऊर्जा ओतत राहू की! इथे आइन्स्टाइन आडवे येतात. ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, आणि वस्तुमानाजवळ काळ हळू चालतो. २०१७ मध्ये व्हिएन्नाच्या तीन संशोधकांनी दाखवलं की क्वांटम घड्याळाची ऊर्जा एका आकड्यावर ठाम नसल्याने त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणामही ठाम राहत नाही, आणि त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या घड्याळाची वेळ धूसर होते. आजच्या कुठल्याही उपकरणाला जाणवणार नाही इतका हा परिणाम छोटा आहे. ऊर्जा वाढवत आणि जागा लहान करत गेलं तर शेवटी घड्याळाचंच कृष्णविवर होईल. साधारण त्या टोकाला येतो प्लँक काळ. सेकंदाच्या दशांशचिन्हानंतर ४३ शून्यं लिहा आणि मग ५४.

मोठी घड्याळं कुठे पोचली?

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियमच्या अणूवर बांधलेली आहे. त्याच्या ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. नव्या प्रकाशीय घड्याळांत स्ट्रॉन्शियमचा अणू वापरतात, त्याची आंदोलनं सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी. अमेरिकेतल्या जिला संस्थेत जून ये यांच्या गटाने २०२२ मध्ये अणूंच्या एकाच ढगात फक्त एक मिलिमीटर वरखाली असलेल्या अणूंमधला काळाचा फरक मोजून दाखवला. त्यांच्या २०२४ मधल्या घड्याळाची अनिश्चितता इतकी कमी आहे की विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयाएवढा वेळ ते चाललं तरी एका सेकंदाचीही चूक होऊ नये.

इथेही पावसाचं ताट पाठ सोडत नाही. अणू किती, यावर चूक ठरते. शंभरपट अणू घेतले की चूक फक्त दहापट कमी होते. अणूंना एकमेकांत गुंतवून ही अडचण ओलांडता येते, आणि २०२० मध्ये एमआयटीमध्ये सुमारे ३५० इटर्बियम अणूंवर त्याचा प्रयोग झाला. पुण्यात आयुकामध्ये इटर्बियमचाच एक आयन पकडून प्रकाशीय घड्याळ घडवायचं काम चालू आहे.

मात्र रोजच्या वापरातली घड्याळं अडतात ती या मूलभूत मर्यादांमुळे नव्हे. आपल्या नाविक प्रणालीतल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहातली आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. ती एन्ट्रॉपीच्या नियमाने नाही, तर यंत्र बिघडावं तशी बिघडली. उपग्रहाच्या घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर अंतरात ३० सेंटीमीटरची चूक, त्यामुळे घड्याळ गेलं की दिशा दाखवण्यासाठी तो उपग्रह निकामीच. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं. अशी घड्याळं कंप, तापमान आणि झीज यांच्याशीच झगडत असतात, आणि वाचण्याचा खर्च त्यांच्या एकूण विजेत कुठेच दिसत नाही. तो दिसू लागतो घड्याळ एका इलेक्ट्रॉनवर आलं की, आणि सध्या तरी तिथे यंत्र आणखी सुधारण्यापेक्षा कमी खाणारा सेन्सर शोधण्यातच जास्त फायदा आहे.